डेस्कटॉप तापतो आणि हँग होतो: धूळ काढल्यावर त्रास उलट वाढला

खानदेशी_डेस्क
जळगाव, एसी नाही, दुपारी खोलीत ४० अंश. कोअर आय५-१०४००, बी४६० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम, विंडोज एसएसडीवर, डेटा जुन्या १ टीबी हार्ड डिस्कवर. ग्राफिक कार्ड नाही. प्रोसेसरसोबत आलेला कूलर काढून धूळ साफ केली आणि तसाच परत बसवला. आता काही चालू नसताना ६२ अंश, व्हिडिओ कन्व्हर्ट करायला लावला की मिनिटाच्या आत १००. शिवाय दिवसातून तीन-चारदा हँग होतो. माऊसचा बाण हलतो, पण क्लिक लागत नाही, डिस्कचा दिवा सलग पेटलेला राहतो, मग दीड मिनिटाने आपोआप चालू. सकाळी गार असतानाही हे होतं. दुकानात मदरबोर्ड बदला म्हणतात.

पंखा_पेस्ट
मदरबोर्डला आत्ताच हात लावू नका. हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकत्र धरलेत तर दोन्ही सापडणार नाहीत. १०० अंश ही या प्रोसेसरची मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, त्याहून तापला तर मशीन थेट बंद पडतं. बाण हलतोय, दिवा पेटलाय आणि दीड मिनिटाने सगळं पूर्ववत होतंय, हे उष्णतेचं लक्षण नाही.

आधी कूलर. "तसाच परत बसवला" यातच चूक आहे. एकदा कूलर उचलला की जुन्या पेस्टमध्ये (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा मलमासारखा थर) हवेचे पोकळ खळगे राहतात. प्रोसेसर आणि कूलरचा तळ, दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने चकचकीत पुसा, मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा. बोटाने पसरवू नका, कूलरच्या दाबाने ती पसरते.

मग कूलर बोर्डावर धरून ठेवणाऱ्या चार प्लास्टिकच्या खुंट्या. डोक्यावरचा बाण काढायची दिशा दाखवतो, बसवायची नाही. चारही डोकी बाणाच्या उलट पूर्ण फिरवा, काळ्या खुंट्या वर ओढा, पांढरे पाय भोकात सरळ बसलेत ना बघा आणि समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा. प्रत्येक खुंटीचा 'टक' आवाज आला पाहिजे. आवाजावरही विसंबू नका, बोर्डाच्या मागून टॉर्च मारा. पांढरा पाय फाकलेला आणि मधून काळं टोक बाहेर आलेलं, असं चारही ठिकाणी दिसलं पाहिजे. एक जरी खुंटी सुटी असेल तर कूलर त्या कोपऱ्यात उचलला जातो आणि तुमच्यासारखेच आकडे दिसतात.

वॅट_मोजा
यात एक भर. या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असलं तरी इंटेलच्याच हिशेबाने तो सुमारे २८ सेकंद १३४ वॅटपर्यंत खेचू शकतो, आणि काही बोर्ड ही वेळेची मर्यादा काढून टाकतात. एचडब्ल्यूइन्फो या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर', म्हणजे प्रोसेसर खेचत असलेले वॅट, बघा. एक मिनिटानंतरही आकडा ६५ च्या बराच वर असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) लाँग ड्युरेशन पॉवर लिमिट, म्हणजे दीर्घकाळची वॅटची मर्यादा, ६५ करा. व्हिडिओला थोडा वेळ जास्त लागेल, पण एवढ्याशा कूलरला तेवढंच झेपतं.

आणि ४० अंशांच्या खोलीत कुठलाही पंखा ४० च्या खाली नेणार नाही. काही चालू नसताना खोलीपेक्षा १०-१५ अंश जास्त, म्हणजे ५०-५५, हे जळगावच्या मे महिन्यात ठीकच आहे. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात असेल तर मात्र बाहेर काढा, मागे वीतभर मोकळी जागा ठेवा.

सेक्टर_तपासनीस
हँगचा संशय जुन्या हार्ड डिस्कवर. पुढच्या वेळेसाठी टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा. डिस्क १०० टक्के आणि वाचन-लेखन जवळजवळ शून्य दिसलं तर डिस्क एखाद्या सेक्टरवर, म्हणजे डेटाच्या छोट्या कप्प्यावर, अडकली आहे. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉगला 'डिस्क' या नावाने ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी शोधा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो प्रोग्रॅममध्ये ०५ (बदली दिलेले खराब सेक्टर), सी५ (वाचता न येणारे सेक्टर) आणि सी७ (डेटा ने-आण करतानाच्या चुका) या तीन ओळी बघा. मूळ आकडे तिथे हेक्समध्ये, सोळाच्या पटीतल्या मोजणीत, असतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६. सी७ वाढत असेल तर बहुधा साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी), ती बदलून बघा. सी५ शून्याच्या वर असेल तर डिस्कचा भरवसा सोडा.

खानदेशी_डेस्क
एक खुंटी खरंच अर्धवट होती. नवी पेस्ट लावली, मर्यादा ६५ केली. आता रिकामा ५२, कन्व्हर्ट करताना ८३ वर स्थिर. सी७ शून्य, सी५ ला १८ दिसतंय, १५३ च्या नोंदी भरपूर. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू का?

सेक्टर_तपासनीस
नको. हेक्समधले १८ म्हणजे वाचता न येणारे २४ सेक्टर. पूर्ण तपासणीत चेकडिस्क प्रत्येक सेक्टर वाचतो, आणि खचत चाललेल्या डिस्कला तोच ताण पुरेसा होतो. घरचे फोटो आणि हिशेबाच्या फाईली आजच दुसऱ्या डिस्कवर घ्या, सिनेमे शेवटी. रोबोकॉपी (विंडोजची फाईली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर 'आर' आणि 'डब्ल्यू' या दोन्ही स्विचना १ द्या. नाही दिलंत तर एका खराब फाईलसाठी तो दर वेळी ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करत बसेल. कॉपी झाली की जुन्या डिस्कची साटा केबल काढा आणि दोन दिवस फक्त एसएसडीवर चालवा. त्या दोन दिवसांत हँग झाला तरच रॅम तपासायला घ्या.