मदत हवी आहे: डायफ्रॅगमॅटिक हर्नियाचं बाळ रुग्णवाहिकेतून हलवताना जठर रिकामं कसं ठेवता?

या आजारात श्वासपटलाला जन्मतः छिद्र असतं, बहुतेकदा डावीकडे, आणि आतडी छातीत. अशा बाळाला मास्कने ॲम्बू (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) द्यायचा नाही, कारण हवा जठरात जाते, छातीतली आतडी फुगतात आणि आधीच लहान राहिलेलं फुप्फुस आणखी दाबलं जातं. म्हणून लगेच श्वासनळीत ट्यूब, श्वास देण्याचा दाब २५ सेंमी पाण्याच्या आत, सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) एक प्रोब उजव्या हाताला, दुसरा पायाला. इथपर्यंत अडचण नाही.

अडचण प्रवासाची आहे. तोंडातून जठरात घातलेली ८ नंबरची नळी चिकट स्रावाने बुजते, आणि बुजलेली नळी नसल्यासारखीच. १० नंबरची बरी चालते, पण एकाच पोकळीची असल्याने सलग सक्शन (यंत्राने ओढणं) लावलं की जठराच्या अस्तराला चिकटते. दोन पोकळ्यांची रेप्लोगल नळी सगळीकडे मिळत नाही.

नवजात बाळांची वाहतूक नियमित करणाऱ्यांनी कृपया सांगावं: साधी नळी उघडी ठेवून सिरिंजने दर किती मिनिटांनी ओढता? बॅटरीवरच्या सक्शनला दाब किती ठेवता? रेप्लोगल महाराष्ट्रात कुठल्या पुरवठादाराकडे, कोणत्या मापात मिळते? आणि वाटेत सॅच्युरेशन एकदम पडलं, तर जठरातली नळी आधी तपासता की न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा)?