निव्वळ खपलीच्या पोळ्या डब्यात मऊ कशा राहतील?

मदत हवी आहे. सांगलीकडचा सडून टरफल काढलेला खपली गहू गिरणीतून बारीक दळून आणलाय. तव्यावरची गरम पोळी मस्त लागते, नेहमीच्या लोकवन गव्हापेक्षा गोडसर आणि खमंग. पण दुपारी डबा उघडेपर्यंत ती कडक होते आणि घडीवर तुटते. लाटतानाही कडा फाटतात.

कोमट पाणी, तेलाचं मोहन, कणीक अर्धा तास झाकून ठेवणं, सगळं करून झालं. जास्त मळलं तर कणीक उलट चिकट होते. खपलीतलं ग्लूटेन कमजोर, त्यामुळे ताण येत नाही हे कळतंय. निम्मं लोकवन मिसळलं की प्रश्न मिटतो, पण सासऱ्यांना मधुमेह आहे आणि त्यांना भेसळ चालत नाही! खपलीतही पिष्ट असतंच, म्हणून पोळ्या मोजूनच वाढते आणि गोळ्या चालू आहेत. तेव्हा साखर उतरते की नाही हा वाद इथे नको. मैदा आणि दूधही नको. खीर, लापशी उत्तम होते, त्यांची कृती नको.

तांदळाच्या भाकरीसारखी खपलीची उकड काढून कुणी पोळ्या करतं का? एक वाटी पिठाला पाणी किती? कोंडा चाळून काढल्याने फरक पडतो का? आणि डब्यासाठी घडीची पोळी बरी की साधा फुलका?