मन खचलेल्या माणसाला प्रवासाला पाठवावं का?

वर्धाकाठ
माझं मत स्पष्ट आहे, पाठवावं. बाबा गेले त्याला आता तीन वर्षं होतील. वावरातच कोसळले. त्यानंतर आई ओसरीच्या एकाच खांबाला टेकून बसायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की आडवी व्हायची. दहा महिने हेच. मग शेजारच्या काकूंनी हट्टाने तिला कौंडिण्यपूरच्या पालखीत नेलं. कौंडिण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. वारकरी पंढरीला माहेर म्हणतात, पण ही पालखी माहेरून सासरी निघते. महिन्याहून जास्त पायी चाल.

आईने बाबांचा दुपट्टा सोबत घेतला. त्याला त्यांच्या घामाचा वास होता, म्हणून इतके दिवस धुतला नव्हता. वाटेत त्याचीच चुंबळ करून तिने डोक्यावर पिशवी वाहिली, पावसात भिजला की पिळून पुन्हा तीच चुंबळ. परतली तेव्हा टाचांना भेगा, चेहरा रापलेला. आल्या आल्या तिने तो दुपट्टा साबण लावून धुतला, कुंपणावर वाळत घातला आणि म्हणाली, "चहा कर, आलं टाक." बाबा गेल्यापासून पहिल्यांदा तिने तोंडाने काही मागितलं. घरात राहून हे झालं नसतं. घरी आम्ही सगळे तिच्याशी दबक्या आवाजात बोलायचो. दिंडीत तिला सरळ भाकरी थापायला बसवलं.

काळी माती
ताई, आईचं वाचून बरं वाटलं. पण तुमचं म्हणणं मले पटलं नाही. पालखी निघते तवा आमच्याकडे पेरणीची घाई. ज्याच्या मागं घर पाहाले माणूस हाय, तोच जाऊ शकते.

माह्या लहान भावाचं सांगतो. एक वर्ष पऱ्हाटी बोंडअळीनं नेली, दुसऱ्या वर्षी सोयाबीन पाण्यात सडलं. तो झोपे नाही, बोले नाही. सगळ्यायनं सांगतलं, फिरवून आण. नागपंचमीच्या यात्रेत त्याले नागद्वारले नेलं, पचमढीच्या डोंगरात. चार दिवस चांगला राहिला, हासला बी. आम्हाले वाटलं, सुटला. घरी आल्यावर पंधरा दिवसात इहिरीच्या काठावर जाऊन बसे. मी रात्री त्याच्या खाटेले माही खाट लावून झोपलो. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ही बिमारी हाय, गोळ्या लागतीन. दीड महिन्यानं त्याले झोप यायले लागली. त्या यात्रेच्या भरवशावर आमचे तीन महिने गेले. मनाच्या दुखण्यासाठी सरकारची टेली-मानस हेल्पलाइन हाय, तिचा नंबर १४४१६, फुकट, रात्री-बेरात्री लागते, मराठीत बोलते. पहिले तो सांगा, मंग यात्रा.

एसटीची खिडकी
दादा, आजाराला औषधच हवं, त्यात वादच नाही. पण प्रवास काय फक्त दुखणाईतांसाठी असतो? आमच्या गावात बाईला बाहेर पडायला तीनच कारणं चालतात: देव, लग्न आणि दवाखाना. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी "कुठे चालली?" याचं उत्तर द्यावंच लागतं. गेल्या हिवाळ्यात मी एकटी पवनारला गेले. नवस नव्हता, काम नव्हतं. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ मध्ये बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे पिकल्या केसांची एक आजी तांदूळ निवडत होती. मीही बसले निवडायला. लग्न झालं का, हे तिने विचारलंच नाही. विचारलं, "काय वाचतेस?" मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी अर्धवट सुटलेल्या बीएचा फॉर्म भरला.

जुना मास्तर
पवनारचा विषय निघाला म्हणून लिहितो. १९५१ मध्ये विनोबा इथून पायी तेलंगणात गेले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत पहिलं भूदान मिळालं, आणि पुढे तेरा वर्षं ते चालत राहिले. गाडगेबाबा कोणत्याही गावात पोचले की आधी खराटा हाती घेत. यांतलं कोणी मन रमवायला निघालं नव्हतं. आता हीलिंगच्या नावाने रिसॉर्टची पॅकेजेस विकतात, त्याची मला चीड येते. आणि ताई, तुमच्या आईला चालण्याने नाही, भाकरी थापण्याने उठवलं असं मला वाटतं. हाताला काम आणि सोबतीला चार बाया गावातच मिळाल्या असत्या, तर पंढरपूर कशाला लागलं असतं?

वर्धाकाठ
मास्तर, गावात मिळालंच नसतं हो. कपाळ मोकळं झालं तसं तिला पंगतीत वाढायलाही कोणी बोलवत नव्हतं. दिंडीत शेकडो माणसं तिच्या हातची भाकरी जेवली. हे गावापासून लांब गेल्याशिवाय कसं झालं असतं, तुम्हीच सांगा.

काळी माती दादा, तो नंबर मी आधीच लिहायला हवा होता. दहा महिने आई तशी बसून होती आणि आम्ही एकदाही डॉक्टरला विचारलं नाही. आज आठवलं की भीती वाटते. आमच्या मागे वावर पाहायला काका होते, हेही खरं.

काळी माती
ताई, काल हे वाचून झाल्यावर बायकोले इचारलं, तुले कुठी जावं वाटते? मले वाटलं शेगाव म्हणन. ते म्हणे, माहेरी दोन रात्री राहाचं हाय. तिचं माहेर चौदा किलोमीटर. तीन वर्षांत ते मुक्कामाले गेली नाही, सकाळी जाते अन् धारेच्या टायमाले वापस येते. परवा तिले एसटीत बसवून देतो. म्हैस माह्या हाताले पान्हवत नाही. भाऊ म्हणे, मी बी येतो गोठ्यात.