एक वर्ष सेवेला द्यायचंय: कळवा, कोकण की इस्रायल?

ठाण्याची_फिजिओ

शालोम आणि नमस्कार. मी २५ वर्षांची, बेने इस्रायल (म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू), ठाण्यातच वाढले. फिजिओथेरपी शिकून दोन वर्षं एका खाजगी दवाखान्यात काम करतेय. घरात मम्मी, पप्पा आणि आजी. लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आत एक अख्खं वर्ष लोकांच्या कामाला द्यावं असं फार मनात आहे.

हे सुरू झालं दारफाळणीच्या दिवशी. (योम किप्पूरला, म्हणजे आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवसाला, आजी अजून दारफाळणीचाच सण म्हणते.) टेंभीनाक्याच्या आमच्या सिनेगॉगमध्ये त्या दिवशी यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा ५८वा अध्याय वाचतात. देव विचारतो, तुम्ही माना खाली घालता, गोणपाट पसरता, याला उपास म्हणता का? मला हवा तो उपास म्हणजे जुलमाचं जोखड मोडणं, आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून खाणं. लहानपणापासून ऐकत आलेय. यंदा पुढची प्रार्थना सुरू झाली तरी मी त्याच पानावर अडकून राहिले.

मग शोधायला लागले. अमेरिकेत 'अवोदा' आहे, १९९८ पासून चाललेलं. तरुण ज्यू मुलंमुली वर्षभर एका घरात राहतात, दिवसा गरिबीशी झुंजणाऱ्या लोकांसाठी चालणाऱ्या संस्थांत पूर्ण वेळ काम करतात, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक, एकत्र अभ्यास, शनिवारी एकत्र शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस. वाचून इतका आनंद झाला की रात्री बसून सगळं वाचून काढलं, आणि शेवटी कळलं की तिथे कामाची परवानगी असलेल्यांसाठीच ते आहे. २००९ साली सुरू झालेलं 'रिपेअर द वर्ल्ड'सुद्धा तिकडच्याच शहरांसाठी. इस्रायलमध्ये 'याहेल' आहे, नऊ महिन्यांचं, इथिओपियातून आलेल्या ज्यू कुटुंबांच्या वस्त्यांतही त्यांचं काम चालतं. मम्मीला लढाईची भीती वाटते, ती इस्रायलचं नाव काढू देत नाही.

खरं सांगू? 'जॉइंट' ही ज्यूंची मदतसंस्था परदेशातल्या तरुणांना वर्षभरासाठी मुंबईत पाठवत आलीय. मुंबईच्या आमच्या ज्यू सेंटरमध्ये मला हनुक्काची, आमच्या दिव्यांच्या सणाची, गाणी शिकवली ती अशाच एका अमेरिकन ताईने. तिने आमच्यासाठी वर्ष दिलं. मग इथल्या मुलीने तिचं वर्ष कुठे द्यायचं? पप्पा म्हणतात, भारतात आपण चार-पाच हजार उरलोय, आधी आपले म्हातारे बघ. मला रोज लोकलमधून कळव्याच्या पारसिक डोंगराच्या उतारावरची वस्ती दिसते. ती आपली नाही का?

पारसिकच्या_पायथ्याशी

ताई, मी ज्यू नाही. कळव्याची आहे, आणि तुला लोकलमधून दिसते त्याच वस्तीत दोन वर्षं मुलांना मराठी वाचायला शिकवलंय.

'गॅब्रिएल प्रोजेक्ट मुंबई' ही ज्यू स्वयंसेवी संस्था तुला माहीत असेलच. २०१२ पासून कळव्यात आहे, पुढे मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांकडेही त्यांचं काम गेलं. मूळ कल्पना साधी आहे. पोरं कचरा वेचायला जातात कारण पोट भरायचं असतं. वर्गातच गरम जेवण मिळालं तर वर्गात येतात. ते जेवण वस्तीतल्याच बायका रांधतात आणि त्यातून त्यांच्याही हातात पैसे येतात. मला ते सर्वात जास्त पटलं. बाहेरून डबे आणून वाटले असते तर त्या बायकांच्या हाती काय राहिलं असतं?

एक प्रसंग सांगते. वर्गात सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. खिचडी वाढली की चार घास खायची आणि उरलेली कंपासपेटीत भरायची. पेन्सिली काढून दप्तरात टाकायची, पेटीला कागद लावायची, मग खिचडी चमच्याने दाबून दाबून भरायची. एका परदेशी स्वयंसेविकेला वाटलं, हिला तिखट लागतंय. तिने बिचारीने दुसऱ्या दिवशी बिस्किटं आणली. मी मुलीजवळ बसले आणि नुसतं विचारलं, "कुणासाठी नेतेस गं?" म्हणाली, "बारक्यासाठी. तो अजून शाळेत नाय ना." दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकातल्या मावशी तिला वेगळ्या डब्यात देऊ लागल्या.

त्या स्वयंसेविकेची माया खरी होती, तिला भाषा नव्हती आणि ती तीनच आठवड्यांसाठी आली होती. तुझ्याकडे भाषा आहे आणि वर्ष आहे. शिवाय उतारावर हंडे चढवून पस्तिशीत कंबर धरून बसलेल्या बायका घरोघरी आहेत. त्यांच्या गुडघ्याला हात लावून बघणारं कुणी नाही.

दिमोनाची_काकू

शालोम बाळ. मी इस्रायलमध्ये दिमोनाला असते. घरात मराठीच बोलतो, मासळी आणि सोलकढी अजून होते.

सामाजिक न्याय म्हटलं की तुम्हा मुलांना अमेरिकेतली नावं आठवतात. घरचंही आठव. १९६२ साली इथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की बेने इस्रायल माणसाचं लग्न लावण्याआधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. आपल्याला ज्यू म्हणून शंकेने बघितलं. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, लेकरंबाळं घेऊन. माझी आत्या होती त्यात. सतरंजी आणि स्टोव्ह घेऊन गेली होती. शेवटी पंतप्रधान लेव्ही एश्कोलांच्या सरकारला आणि संसदेला जाहीर सांगावं लागलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यू आहेत. इथिओपियाच्या लोकांवर पुढे तीच वेळ आली. म्हणून त्यांच्यात काम करायला आपल्या मुली गेल्या की मला बरं वाटतं.

पण मला दुसरंच सांगायचंय. माझ्या आईला शेवटी विस्मरण झालं. पन्नास वर्षं बोललेली हिब्रू आधी गेली. मराठी राहिली. कमरेचं हाड मोडलं तेव्हा व्यायाम करून घ्यायला मुलगी यायची, फार गुणी. "कोएव? कोएव?" विचारायची, म्हणजे दुखतंय का. आई भिंतीकडे बघत पडून राहायची. मी म्हटलं, "आई, कळ येते का गं?" तर लगेच मांडीवर हात ठेवून म्हणाली, "इथून निघते न् पोटरीत जाते." दिमोना, अश्दोद, लोद, सगळीकडे अशा आया आहेत. इथे फिजिओचं काम करायला इथला परवाना लागतो, तो एका वर्षात हातात पडायचा नाही. पण नुसती जवळ बसून विचारणारी मराठी पोरगी आली तरी पुष्कळ आहे. तुझ्या आईची लढाईची भीती मात्र खोटी नाही. तिला समजावून, तिच्या मनाने ये, भांडून येऊ नकोस.

अलिबागकडचा

तुझ्या पप्पांचं आणि तुझं दोन्ही बरोबर आहे. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ साली मुंबईत ज्यू रिलिजस युनियन ही उदारमतवादी ज्यूंची संस्था उभी करायला हातभार लावला, आणि आयुष्य घालवलं ते कामा हॉस्पिटलमध्ये, सगळ्या जातीधर्मांच्या बाळंतिणींमध्ये. १९६६ ला पद्मश्री मिळाली. आपली आणि परकी अशी वाटणी त्यांनी केली नाही.

आमच्याकडे गावोगाव आपल्या लोकांची एकदोन घरं उरलीत. मुलं इस्रायलला, म्हातारी माणसं वाड्यात. उकिडवं बसायची सवय, त्यामुळे गुडघे गेलेले. महिन्यातून एक रविवार आलीस तरी चालेल. एसटी स्टँडवरून न्यायला मी येतो. शेजारीपाजारी आगरी, कोळी बायकाही रांगेत बसतील, त्यांना उठवू नकोस म्हणजे झालं.

ठाण्याची_फिजिओ

तुमचं सगळ्यांचं वाचून रडले. कंपासपेटीचं दोनदा वाचलं.

मी असं ठरवतेय: दवाखान्यात फक्त सकाळची पाळी मागते, दुपारनंतर कळवा. पगार अर्धा होईल, पप्पांशी बोलले, चालेल म्हणाले. महिन्यातला एक रविवार अलिबाग. दादा, उठवणार नाही कुणाला, पण चटया जास्त लागतील, त्या मी आणते. याहेलचा विचार सोडलेला नाही, वर्षभराने मम्मीला तुमचा हा निरोप दाखवेन काकू. पारसिकच्या ताई, आधी त्या रांधणाऱ्या मावशींनाच भेटायचंय, त्यांना काय हवंय ते विचारायला. शनिवार सोडून कधीही येते. नेशील का?

आणि काकू, आजीला मी तुमचं मोठ्याने वाचून दाखवलं. पोटरीच्या कळेपाशी तिने थांबवलं. विचारतेय, तुमच्या आईचं माहेर कोकणात कुठलं?