भविष्यात जाता येतं, अडचण भूतकाळाची

'कालप्रवास म्हणजे निव्वळ कल्पना' हे मत मला अर्धंच पटलं. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी आण्विक घड्याळं विमानातून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जावे भाग) मागे पडली; त्यांच्यासाठी तेवढा वेळ कमी गेला, म्हणजे तेवढीच भविष्यात पोचली! आपण सोलापूरहून अक्कलकोटला निघताना मोबाईलवर नकाशा लावतो, त्यामागच्या जीपीएस उपग्रहांची घड्याळंही दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तो फरक धरावाच लागतो.

मागे जाणं मात्र कठीण. गणितज्ञ गोडेलनं १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून तशी वाट काढली, पण त्यासाठी अख्खं विश्वच फिरतं हवं. आपलं तसं दिसत नाही. गिरणीचा भोंगा झाल्यावर घरी येणारे वडील मला एकदा पुन्हा बघायचेत, म्हणून हे लिहिताना जड जातंय.