एकच ‘कल्चर’ की प्रत्येक ठिकाणी वेगळा मराठी शब्द?

शब्दवेडी: आईच्या लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. ‘कल्चर – नो ग्रोथ’. आई घाबरली, “वाढ नाही म्हणजे वाईट ना?” खरं तर जंतू वाढले नाहीत, चांगलीच बातमी. लॅटिन ‘कोलेरे’ म्हणजे जमीन कसणं, त्यावरून ‘कुल्तुरा’ आणि पुढे इंग्रजी ‘कल्चर’. रोमन विचारवंत सिसेरोनं तत्त्वज्ञानाला मनाची मशागत म्हटलं आणि शब्द शेताबाहेर पडला. आता तो लॅबमध्ये, ऑफिसात, नाट्यगृहात, सगळीकडे. माझं ठाम मत आहे की मराठीत याचे वेगळेच शब्द हवेत. दह्याला विरजण, टिश्यू कल्चरच्या रोपांना ऊतिसंवर्धन, माणसांना संस्कृती.

केळीबाग_रावेर: ऊतिसंवर्धन पुस्तकात ठीक. आम्ही ‘टिश्यूची रोपं’ म्हणतो, नर्सरीवाल्याला लगेच कळतं. कंदाच्या लागवडीपेक्षा केळीची बाग एकसारखी निसवते, म्हणजे घड साधारण एकाच वेळी बाहेर पडतात, म्हणून घेतो. ‘कल्चर’ आम्ही कधीच गाळलं, काही अडलं नाही.

अगरपट्टी: मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि मला हे अजिबात पटत नाही. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवले. मग जिलेटिन आलं, पण ते उबेत वितळायचं, काही जंतू तर ते पचवूनच टाकायचे. १८८१ मध्ये कॉखच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं अगर, म्हणजे समुद्री शेवाळापासूनचा जेली घट्ट करणारा पदार्थ, सुचवलं, १८८७ मध्ये पेट्रीची झाकणाची बशी आली. जमीन तयार करा, बी टाका, ऊब द्या, तण येऊ देऊ नका, वाट बघा. ही शेतीच आहे! शब्दाचे तुकडे केलेत तर विद्यार्थ्याला हे नातं दिसणार कसं? आईंना रिपोर्ट कुणी समजावला नाही, दोष त्याचा आहे.

शब्दवेडी: नातं जपायला इंग्रजीच कशाला? बंगालीत ‘कृष्टी’ होता, थेट नांगरणीशी नातं सांगणारा.

अगरपट्टी: आणि तो रवींद्रनाथांनाच रुचला नाही, त्यांनी ‘संस्कृती’ उचलून धरला. संस्कृती म्हणजे संस्कार केलेलं, शुद्ध केलेलं. म्हणून ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ म्हटलं की रंगमंच दिसतो, मोट दिसत नाही. मानववंशशास्त्रज्ञ टायलरनं १८७१ मध्ये रूढी, कायदा, सवयी सगळं ‘कल्चर’मध्ये धरलं होतं. आपल्या शब्दानं ते आखडलं.

ताकपिठलं: विरजण मात्र सोडू नका. विरजण लावणं, विरजण मोडणं, शेजारून वाटीभर आणणं. जिवंत काहीतरी पुढे चालू ठेवायचं, हे त्या शब्दातच आहे.

शब्दवेडी: ‘आखडलं’ हे मान्य, त्यावर विचार करते आहे. पण रिपोर्टवर ‘जंतू वाढले नाहीत’ एवढी मराठी ओळ हवीच. ती मागणी मी सोडणार नाही.