'डॉक ऑफ द बे' : ओटिस रेडिंगचं ओरिजिनल, शेवटची शिट्टी आणि कव्हर्स

मिऱ्याची_लाट (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्याकडे मांडवीला मित्रांचा छोटासा गाण्यांचा कार्यक्रम ठरतोय, त्यात मला 'सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे' (म्हणजे खाडीच्या धक्क्यावर बसून) म्हणायचंय. हे गाणं मी आधी मायकल बोल्टनच्या आवाजात ऐकलं होतं, मामा बोटीवर होता, तो कॅसेटी घेऊन यायचा त्यात होतं. अमेरिकन कृष्णवर्णीय सोल गायक ओटिस रेडिंगचं ओरिजिनल बऱ्याच वर्षांनी कानावर पडलं आणि मी हादरलोच, शब्द तेच, चाल तीच, पण बोल्टन छाती फोडून गातो आणि ओटिस नुसता बसलाय.

एकजण म्हणाला की ओटिस मध्येच वारला म्हणून शेवटचं कडवं राहिलं आणि तिथे शिट्टी टाकली, हे खरंय का? लाटांचा आवाज खरंच बंदरावर जाऊन घेतलाय का? आणि एवढी कव्हर्स (दुसऱ्यांनी परत गायलेली) आहेत, बसवताना कुठलं समोर ठेवू? आमच्याकडे एक गिटार, एक काहोन (वर बसून हाताने वाजवायचा लाकडी खोका) आणि पेटी एवढंच आहे.

जुनी_तबकडी (सावंतवाडी)

अरे वा, या गाण्यावर कोणीतरी विचारतंय याचाच आनंद झाला. सविस्तर लिहितो.

ओटिस जॉर्जियाचा, मेकन गावात वाढलेला. जून १९६७ ला माँटेरे पॉप फेस्टिव्हलमध्ये तो गायला आणि तोवर त्याला फारसं न ऐकलेला गोऱ्या पोरांचा प्रचंड घोळका वेडा झाला. त्यानंतर तो सॅन फ्रान्सिस्कोत कार्यक्रम करत होता आणि खाडीपलीकडे सॉसलिटोला एका हाऊसबोटीवर राहिला होता, तिथे या गाण्याची सुरुवात सुचली. त्या दिवसांत तो बीटल्सचा 'सार्जंट पेपर' पुन्हा पुन्हा ऐकत होता, आपणही काहीतरी वेगळं करावं असं त्याच्या डोक्यात होतं. मग घशाचं ऑपरेशन झालं, काही आठवडे बोलायचंसुद्धा नाही. गळा मोकळा झाल्यावर मेम्फिसला स्टॅक्स स्टुडिओत येऊन गिटारवाला स्टीव्ह क्रॉपरबरोबर त्याने गाणं पुरं केलं, म्हणून लेखनात दोघांची नावं आहेत. नोव्हेंबर आणि डिसेंबर १९६७ मध्ये रेकॉर्डिंग झालं.

१० डिसेंबर १९६७ ला मॅडिसनला कार्यक्रमासाठी जाताना त्याचं छोटं विमान मोनोना तलावात कोसळलं. ओटिस २६ वर्षांचा. सोबत बार-केज बँडची पोरं होती, त्यातली बरीचशी विशीच्या आतली, आणि विमानातला फक्त ट्रम्पेटवाला बेन कॉली वाचला. मला अजून हे लिहिताना कसंतरी होतं.

आता तुझा प्रश्न. गाणं अर्धवट नव्हतं, आवाजाचं काम अपघाताच्या आधीच झालं होतं आणि शिट्टी ओटिसचीच आहे. क्रॉपरने मुलाखतींमधून सांगितलंय की शेवटी ओटिसने काहीतरी बोलत, घोळवत जायचं अशी जागा ठेवली होती, ऐनवेळी त्याला ते आठवलं नाही म्हणून त्याने शिट्टी वाजवली. राहिलं होतं ते मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणं. ते क्रॉपरने अपघातानंतर लगेच केलं, मित्र गेलाय आणि हा मिक्सिंगच्या टेबलापाशी बसून त्याचाच आवाज ऐकतोय. लाटा आणि समुद्रपक्षी त्याने त्या वेळी वरून घातले, बंदरावर कोणी गेलं नव्हतं. पण कल्पना ओटिसच्या डोक्यात असणारच, कारण नंतर प्रसिद्ध झालेल्या एका आधीच्या टेकमध्ये तो स्वतःच तोंडाने पक्ष्यांचे आवाज काढतो. ते जरूर ऐक, माणूस किती खुशीत होता ते कळतं.

जानेवारी १९६८ ला रेकॉर्ड आली, मार्चमध्ये अमेरिकेत एक नंबरला जाऊन चार आठवडे राहिली. गायक गेल्यावर बिलबोर्डच्या हॉट हंड्रेडवर (अमेरिकेतली लोकप्रिय गाण्यांची यादी) एक नंबरला गेलेलं हे पहिलं गाणं. आणि स्टॅक्सच्या मालकाला, जिम स्टुअर्टला, ते सुरुवातीला पसंत नव्हतं, नेहमीच्या ओटिससारखं वाटत नव्हतं त्याला!

वेंगुर्ल्याचो_खलाशी

मी बोटीर असताना सॅन फ्रान्सिस्कोक गेल्लंय. ओकलंडाक जाताना गोल्डन गेटच्या खालसून आत शिरलां काय डाव्या हाताक सॉसलिटो. तेव्हा ह्यां गाणां तिथलां म्हणान माका म्हायत नव्हतां.

माका ह्या गाण्यात काय आवाडतां सांगू? तो बसलेलो माणूस कोणाकडे काय मागत नाय. जॉर्जियासून दोन हजार मैल इलो, हंय काय जमलां नाय, आता बसलो. आमचो चाकरमानी मुंबयक जाता, काम गावलां नाय तरी घराकडे फोन करून सगळां बरां आसा म्हणान सांगता, तसो तो. म्हणान तेणी आरडान गावचां नाय. बोल्टनचो गळो मोठो आसा, पण एवढ्या मोठ्यान गाणारो माणूस धक्क्यार गप बसात कसो?

पेटी_आणि_गिटार (कणकवली)

वरच्या दोघांचं पटलंच. मी वाजवायच्या बाजूने सांगतो, कारण हे गाणं शांत असून रडकं का नाही याचं उत्तर मला कॉर्ड्समध्ये सापडलं. यात एकही मायनर (उदास वाटणारा) कॉर्ड नाही! कडव्यात जी, बी, सी, ए, सगळे मेजर. ओटिस गिटार ओपन ट्यूनिंगवर वाजवायचा, म्हणजे एक बोट आडवं ठेवलं की मेजर कॉर्डच वाजणार, त्यामुळे त्याची गाणी अशी बनायची. शब्द म्हणतात एकटेपणा पाठ सोडत नाही आणि खाली कॉर्ड मात्र उजेडाचा. कोणी तिथे मायनर घातला की गाणं लगेच कीव मागायला लागतं, तेवढं करू नका.

पेटीवर पांढरी पाच (म्हणजे जी) सा धरा. कडव्याचा बेस सा, ग, म असा चढतो आणि मग शुद्ध ग, कोमल ग, रे असा अर्ध्या अर्ध्या सुराने उतरतो. ती उतरण क्रॉपरच्या गिटारमध्ये नीट ऐका, डक डनच्या बेसबरोबर, त्यातच सगळी मजा आहे. पेटीने तिथे फक्त हे सूर धरायचे, भाता हळू, गाण्याच्या मागेमागे चाल वाजवत जायची नाही (भजनातली सवय आहे आपल्याला, मला माहितीय, पण इथे नको). "दहा जण सांगतात तसं मला वागता येत नाही" अशा अर्थाची मधली जागा आहे तिथे एकदाच एफ मेजर येतो, म्हणजे कोमल नी. अख्ख्या गाण्यात माणूस तिथेच काय तो थोडा उसळतो. आवाज वाढवायचाच असेल तर तिथे वाढवा, बाकी कुठे नको.

जुनी_तबकडी (सावंतवाडी)

कव्हर्सचं राहिलं होतं. सॅक्सवाला किंग कर्टिसने १९६८ लाच वाजवलं. १९६९ ला शेरने अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत केलं, पेगी लीने केलं, सर्जिओ मेंडिसने ब्राझिलियन ठेका लावून केलं, १९८२ मध्ये वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सनने कंट्रीवाल्यांच्या पद्धतीने केलं. त्याच वर्षी ओटिसच्या मुलांनी, 'द रेडिंग्ज' नावाचा त्यांचा बँड होता, वडिलांचं हे गाणं गायलं, ते मी फार जीव लावून ऐकतो. बोल्टनचं १९८८ ला अमेरिकेत अकराव्या नंबरपर्यंत गेलं, म्हणजे लोकांना आवडलं होतं, ते नाकारून चालणार नाही. २०१३ ला व्हाइट हाऊसमधल्या मेम्फिस सोलच्या कार्यक्रमात जस्टिन टिंबरलेक गायला तेव्हा गिटारवर खुद्द क्रॉपर होता.

कव्हर म्हणजे वाईटच असं मी मुळीच म्हणणार नाही. ओटिसचंच 'रिस्पेक्ट' बघ. त्याने १९६५ ला लिहिलं आणि गायलं, घरी दमून येणारा नवरा बायकोकडे मान मागतो असं. १९६७ ला अरीथा फ्रँकलिनने तेच बाईच्या बाजूने गायलं, एक एक अक्षर सुटं करून म्हणायची जागा घातली आणि गाणं तिचंच झालं. माँटेरेला ओटिसने स्टेजवरून सांगितलं की हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं. तिने गाण्याशी भांडण केलं म्हणून ते जमलं. 'डॉक'शी असं कोणी भांडलेलं मला दिसत नाही, कोणी ठेका बदलतो, कोणी आवाज चढवतो, पण त्या माणसाबद्दल नवं काही सांगत नाही. म्हणून माझं मत, कव्हर एकही समोर ठेवू नकोस. ओरिजिनल ऐक, त्यातला ड्रमवाला अल जॅक्सन ऐक, किती कमी वाजवतो बघ, आणि तुमच्या काहोनवाल्यालाही ऐकव.

मिऱ्याची_लाट (रत्नागिरी)

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार सगळ्यांचे. खलाशी काका, तुमचं वाचून मी ते कडवं परत म्हणून पाहिलं, आपोआप आवाज खाली आला. आता एकच अडचण, पांढरी पाच मला चढते, वरच्या जागा ताणून गायला लागतात. पांढरी चार केली तर?

पेटी_आणि_गिटार (कणकवली)

बिनधास्त कर. पेटीवाल्याला काहीच त्रास नाही. गिटारवाल्याला मात्र एफमध्ये (पांढरी चार म्हणजे एफ) बॅरे कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून, धरून ती उतरण स्वच्छ काढणं जड जाईल, त्यापेक्षा सहाही तारा एक पूर्ण सूर उतरवून घ्या आणि जीचेच आकार वाजवा. तारा ढिल्या झाल्या की सुरुवातीला सूर हलतो, त्यामुळे आदल्या दिवशीच उतरवून ठेवा आणि मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात गाण्याच्या आधी एकदा परत ट्यून करा. शिट्टी तुमच्यात कोण वाजवणार ते आत्ताच ठरवा, माईकपासून थोडं लांब उभं राहून वाजवायला लावा, नाहीतर फुंकरच ऐकू येते.